किचनची कोरडी नळी

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी मला विचारलं, "तू काय करतेस गं?" की मी सांगायचे, "इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये आहे." फार सोयीचा शब्द. ऐकणारीच्या डोळ्यांसमोर पूल येतात, विमानतळ येतात, निदान एखादा मोठा रस्ता तरी येतोच. तिचा पुढचा प्रश्न येण्याआधी मी तिच्या साडीचं कौतुक सुरू करायचे. खरं सांगायचं तर मी गटारं दुरुस्त करते. जमिनीखालची, जुनी, भाजक्या मातीच्या पाइपांची गटारं, जी सांध्यासांध्यांतून गळतात आणि ज्यांच्यात लोकांच्या बागेतल्या झाडांची मुळं शिरून बसतात.

हे काम मला मिळालं ते माझ्या भोचकपणामुळे. नवऱ्याची नोकरी इंग्लंडमधल्या रीडिंगला, ऑफिस एम-फोर हायवेच्या कडेला काचेच्या इमारतीत. मी सिव्हिल इंजिनिअर, पण इथे आल्यावर दोन वर्षं माझ्या डिग्रीचा उपयोग भिंतीवर शेल्फ सरळ लावण्यापलीकडे झाला नव्हता. एक दिवस आमच्या गल्लीतलं ड्रेन तुंबलं. व्हॅन आली, चार माणसं उतरली, आणि रस्त्याला कुदळही न लावता त्यांनी पाइप दुरुस्त करायला घेतला. मी फाटकापाशी उभी राहून प्रश्न विचारत सुटले. खोदणार नाही? मग पाइप बदलणार कसा? आतून? आतून म्हणजे कसं? त्यांचा फोरमन साठीचा, लाल चेहऱ्याचा, शांत माणूस. त्यानं तासभर उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाला, "लव्ह, एवढे प्रश्न आमच्या मॅनेजरनंसुद्धा कधी विचारले नाहीत. अर्ज का करत नाहीस?"

मी केला. नवरा म्हणाला, "गटारात?" त्या एका शब्दापायी मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आणि तरीही मंडळात मी स्वतःच 'इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणायला लागले, हे त्यानं बरोबर लक्षात ठेवलंय. भांडण झालं की काढतो.

कामाची पद्धत अशी. उशीचा अभ्रा आपण उलटा करून घालतो ना, तसा एक लांबच लांब पायमोजा, चिकट रेझिनमध्ये भिजवलेला, हवेच्या दाबानं उलटा होत होत जुन्या पाइपच्या आत सरकतो आणि भिंतीला चिकटून बसतो. मग आत वाफ सोडायची. काही तासांत तो कडक होतो, आणि जुन्या पाइपच्या पोटात नवा पाइप तयार. खोदाई नाही, धूळ नाही, फक्त गल्लीभर नेलपॉलिशसारखा वास. लोक नाकं मुरडून खिडक्या लावून घेतात.

यात गोम एकच आहे. मेन पाइपला दोन्ही बाजूंनी घराघरांच्या नळ्या येऊन मिळालेल्या असतात. आपला मोजा आत गेला की त्या सगळ्यांची तोंडं बुजतात. म्हणून त्याच दिवशी आत एक छोटा रोबो सोडायचा आणि त्याच्या फिरत्या पात्यानं एकेक तोंड कापून परत उघडायचं. कुठलं तोंड किती मीटरवर आहे, हे आधीच कॅमेऱ्यानं बघून यादीत लिहिलेलं असतं. काही तोंडं मात्र जुनी, वापरातून गेलेली असतात. ती उघडायची नाहीत, नाहीतर तिथूनच माती आणि मुळं पुन्हा आत येतात. म्हणजे सगळं यादी करणाऱ्याच्या हातात. त्यानं 'चालू' लिहिलं तर तोंड उघडणार, 'बंद' लिहिलं तर कायमचं लिंपलं जाणार.

यादी करायचं काम दीड वर्षानं माझ्याकडे आलं, तेव्हा मी नवऱ्याला बाहेर जेवायला नेलं आणि 'गटारात' या शब्दाची सव्याज परतफेड केली.

यादीचा नियम साधा आहे. तोंड कोरडं दिसलं, शंका आली, तर त्या घराची बेल वाजवायची. सिंकमध्ये हिरवा रंग ओतून पाणी सोडायचं. रंग कॅमेऱ्यासमोर आला तर नळी चालू, नाही आला तर बंद. यात हुशारीची गरज नाही, फक्त बेल वाजवावी लागते.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही रीडिंगमधल्याच लाल विटांच्या जुन्या घरांच्या एका गल्लीत होतो. गटार घरांच्या मागच्या बोळातून जात होतं. एका घराची दोन तोंडं सापडली. एक बाथरूमचं, त्यातून पाणी येत होतं. दुसरं मागे वाढवलेल्या किचनचं. ते ठणठणीत कोरडं. तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं. मी रंगाची बाटली घेतली आणि वळसा घालून त्या घराच्या पुढच्या दाराशी गेले.

दाराला मण्यांचं तोरण. पोर्चमध्ये चपलांचा स्टँड. पाटीवर देवनागरीत आडनाव. आतून मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास येत होता, आणि एक बाई फोनवर मराठीत कुणाला तरी खडसावत होत्या. मी स्वतःकडे बघितलं. नारिंगी ओव्हरऑल, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि जोराच्या फवाऱ्यानं पाइप धुताना अंगावर उडालेलं जे काही होतं ते. दार उघडल्यावर काय होणार हे मला पाठ होतं. तुम्ही कुठल्या, मिस्टर काय करतात, या या, चहा घ्या. आणि पुढच्या आठवड्यात मंडळभर, 'ती इन्फ्रास्ट्रक्चरवाली आहे ना, ती गटारं उपसते.' बेलपाशी गेलेलं बोट मी मागे घेतलं.

मागे व्हॅनपाशी येऊन म्हणाले, "घरात कुणी नाही."

"उद्या बघायचं?" फोरमननं विचारलं.

"कशाला? किचन बदललेलं असणार, जुनी नळी तशीच राहिली असेल. जाळं धरलंय तोंडाला."

त्यानं मान डोलावली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मी त्या तोंडापुढे 'बंद' लिहिलं आणि खाली सही केली. सप्टेंबरमध्ये मोजा आत गेला, कडक झाला. त्या ठिकाणी आतून एक छोटासा खळगा तेवढा दिसत होता. रोबो त्याच्या शेजारून पुढे गेला, आणि मी ती गल्ली विसरून गेले.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी माझी मैत्रीण म्हणाली, "चल, काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, तू अजून त्यांना भेटलेलीच नाहीस." काकू म्हणजे इथल्या हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या एका डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टर गेल्यावर बायकांनी कुजबुजत चौकशी केली होती, की यंदा हळदीकुंकू कुणाकडे? काकू म्हणाल्या होत्या, "माझ्याकडेच. आणि मीही लावून घेणार आहे, ज्यांना अडचण असेल त्यांनी नुसता तिळगूळ घ्यावा." त्यानंतर कुणाला अडचण आली नाही. हे ऐकूनच मला त्या आवडल्या. मी काळी काठपदराची साडी नेसले, नथ घातली आणि मैत्रिणीच्या गाडीत बसले.

गाडी त्या गल्लीत वळली तेव्हा मला नुसतीच ओळखीची वाटली. तोरणाच्या दारासमोर थांबली तेव्हा ते कोळ्याचं जाळं डोळ्यांसमोर आलं.

दार काकूंनीच उघडलं. ठेंगण्या, चटपटीत, पंचाहत्तरीच्या, आणि आवाज अगदी फोनवरचाच. मी वाकून नमस्कार केला, तो मुख्यतः तोंड लपवायला.

"कुठली गं तू?"

"लातूरकडची, काकू."

"अगं, मग तुला दाखवायलाच हवं. मी जालन्याची. चल." त्यांनी माझ्या तोंडात तिळगूळ घातला आणि मला हाताला धरून थेट किचनमध्ये नेलं. सिंकमध्ये एक भलामोठा प्लास्टिकचा टब बसवलेला होता. "आमच्याकडे नळ कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. इथे पन्नास वर्षं झाली, चोवीस तास पाणी आहे, पण हात धजत नाही बघ. तांदळाचं, भाजीचं, भांड्यांचं, सगळं या टबात. उन्हाळ्यात बागेला, हिवाळ्यात तीच बादली टॉयलेटला. या सिंकच्या भोकात माझ्या हातून थेंब जात नाही. माझ्या मुलाला वाटतं मला वेड लागलंय. तुला नाही ना वाटत?"

"नाही, काकू," मी म्हणाले. मला स्वतःला वेड लागायची वेळ आली होती. आमच्या घरीही हेच होतं. आई कपडे पिळलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी गुलबक्षीला घालायची. टँकर आला नाही त्या आठवड्यात आमची मोरी इतकी कोरडी असायची की तिच्यात मुंग्या फिरायच्या. आणि मी, त्या घरातली मुलगी, कोरडी नळी बघून लिहून आले होते की इथे कुणी नाही.

"काय गं, तिळगूळ कडक झालाय का?" काकूंनी विचारलं. म्हणजे चेहरा तसा झाला असणार.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाहेरच्या खोलीत पंधरा बायका होत्या, त्यातल्या निम्म्या मला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणून ओळखत होत्या. मी ठरवलं, उद्या फोरमनला सांगून गुपचूप उघडून घेऊ. काकू तशाही सिंक वापरत नाहीत. मग मी बाहेर जाऊन बसले आणि उखाणा घेतला, तोही चुकीचा.

वाण द्यायची वेळ जवळ आली तसं कुणीतरी म्हणालं, "काकू, पुढच्या वर्षी वाण आम्ही आणू हं, तुम्ही दगदग करू नका."

"पुढच्या वर्षी मी इथे असेन तर ना," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा साउथहॅम्प्टनला सर्जन आहे, तुम्हाला माहीत आहे. त्याला मी त्याच्याकडे हवी आहे. त्याचं चुकत नाही, पण मला जायचं नाही. इथे माझी बाग आहे, लायब्ररी आहे, शेजारची बाई आहे. तिकडे मी त्यांच्या गेस्ट रूममधली गेस्ट. नोव्हेंबरमध्ये बॉयलर बंद पडला, तेव्हा तो इतका चिडला की मी त्याला शब्द दिला. म्हटलं, घरात आणखी एक जरी गोष्ट बिघडली, तर निमूटपणे सामान बांधीन. तेव्हापासून रोज सकाळी देवाच्या आधी घराला हात जोडते. म्हणते, बाबा रे, नीट राहा."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. त्याच वेळी किचनमध्ये दोघीतिघी तरुण मुलींनी बाह्या वर करून काकूंचा टब उचलून खाली ठेवला होता आणि नळ मोकळा सोडून चाळीसएक बशा, वाट्या, पातेली धुवायला घेतली होती. काकू बाहेरच्या खोलीतून ओरडत होत्या, "टबात धुवा गं, टबात!" मुली म्हणत होत्या, "काकू, आज तरी बसा हो." मला त्या नळाचा आवाज ऐकू येत होता. बंद नळीत किती पाणी मावतं याचा हिशेब माझं डोकं आपोआप करत होतं. अर्धा तास पुरेल, मी मनात म्हटलं, तोवर भांडी संपतील. पंचवीस मिनिटांतच मागच्या दारातून किंकाळी आली.

किचनच्या खिडकीखालच्या जाळीतून पाणी वर येत होतं. साबणाचा फेस, भाताची शितं, तीळ, सगळं मिळून काकूंच्या कुंड्यांमधून वाट काढत पायरीकडे निघालं होतं. "नळ बंद करा!" मी ओरडले, ते साइटवर ओरडते तसं, म्हणजे नथ घातलेल्या बाईला न शोभणारं. पदर खोचला, कढीलिंबाची कुंडी बाजूला सरकवली आणि काकूंच्या लोखंडी उलथन्यानं खालचं झाकण उचकटलं. आतला खड्डा काठोकाठ भरलेला होता.

"अगं, तिथे झाकण आहे हे तुला कसं माहीत?" मैत्रिणीनं विचारलं.

मी उत्तर देण्याआधी काकूंचा मुलगा आला. खुर्च्या परत पोचवायला तो मुद्दाम येणार होता. उंच, पंचेचाळिशीचा, जन्म इथलाच. त्यानं आधी पाणी बघितलं, मग आईकडे.

"आई, बघ. मी बोललो होतो. हा घर आता जुना झाला. आधी बॉयलर, आता ड्रेन. यू प्रॉमिस्ड."

तो ओरडला नाही, उलट तिच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी हातातलं फडकं घडी केलं, परत उलगडलं. "हो रे," त्या म्हणाल्या, "शब्द दिलाय. येते मी." आवाज इतका साधा होता की मला सहनच झालं नाही. स्वतःचा असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. "घर बिघडलेलं नाही. ही नळी मी बुजवली आहे."

पंधरा बायका मागच्या दारात दाटीवाटीनं उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. की मी गटारांचं काम करते, इन्फ्रास्ट्रक्चर वगैरे काही नाही. की मागच्या बोळातल्या गटाराला आतून नवा पाइप आम्हीच घातला. की ही नळी कोरडी दिसली म्हणून मी तिला बंद ठरवलं, आणि बेल न वाजवता परत गेले.

"मी घरी नव्हते का गं?" काकूंनी विचारलं.

"होतात. फोनवर बोलत होतात. फोडणीचा वास येत होता."

"मग?"

"लाज वाटली. कपड्यांची, कामाची. तुम्ही मराठी आहात हे पाटीवर वाचलं आणि पळाले."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी जन्मभर पाणी वाचवलं," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणून तू मला बंद लिहिलंस."

 मुलानं कपाळावर आठ्या घालून ऑपरेशन थिएटरातल्यासारखं विचारलं, "म्हणजे चुकीचा डक्ट, चुकीचा नळी, क्लिप करून बंद केला? उघडता येतो?"

"येतो. उद्या सकाळी."

"मला बघायचा आहे," तो म्हणाला.

मी तिथेच अंगणात उभी राहून फोरमनला फोन लावला. मागे टीव्हीवर रग्बी चालू होती, ती त्यानं बंद केली. मी त्यालाही सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तू मला सांगितलंस घरात कुणी नाही."

"हो."

"तीस वर्षांत माझ्या हातूनही तीन तोंडं बुजली आहेत. पण दार मी प्रत्येकाचं वाजवलं होतं." आणि मग, "सोमवारी आठ वाजता." फोन बंद झाल्यावर मी तोंड धुवायलाही आत गेले नाही, कारण आत सगळ्या बायका होत्या. मैत्रिणीनं मला घरी सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस." त्या दिवशी मी वाण न घेताच निघाले होते, आणि काकूंनीही मला थांबवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बोळात आमची व्हॅन लागली. काकू स्वेटरवर शाल घेऊन व्हॅनच्या दारात उभ्या राहिल्या, मुलगा कॉफीचा मग घेऊन स्क्रीनसमोर. फोरमननं रोबो आत सोडला आणि त्याची जॉयस्टिक माझ्या हातात दिली. "तू बुजवलंस, तू उघड."

माझ्याच अक्षरातली यादी समोर होती. तेवीस मीटर चाळीसला 'बंद'. कॅमेरा पुढे गेला आणि तो खळगा दिसला. पातं मध्यावर आणलं, घाईत फार पुढे गेलं म्हणून एकदा मागे घेतलं. "स्लो, स्लो," शेजारून मुलगा पुटपुटला. "मी रोज हेच करतो, फक्त पोटात." त्याची कॉफी गार होत होती. पात्यानं कड पकडली, पांढरा भुगा उडाला, आणि एकदम भोकातून पाणी फुटलं. कालचा साबण, कालची शितं, काकूंचे तीळ. स्क्रीन काही वेळ फेसानं भरून गेला. मग फेस ओसरला आणि गोल, स्वच्छ तोंड दिसलं.

"आता रंग," फोरमन म्हणाला. मी बाटली शोधायला वळले तर काकू दारात नव्हत्या. दोन मिनिटांनी किचनच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, "सोडते गं!"

आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत राहिलो. आधी थोडं पाणी आलं. मग पिवळं. गडद, घट्ट पिवळं, नव्या पांढऱ्या पाइपवरून वाहत निघालं. काकूंनी आदल्या दिवशीची उरलेली हळद पाण्यात कालवून सिंकमध्ये ओतली होती, त्यांच्या हातानं, त्या सिंकच्या भोकात. फोरमननं विचारलं, हा कुठल्या कंपनीचा डाय आहे? मी बाहीनं डोळे पुसत होते.

काकू बाहेर आल्या त्या हातात प्लास्टिकचा मग घेऊन. अंघोळीला लागतो तो साधा, कानाचा मग, इथे शोधून मिळत नाही म्हणून त्यांनी यंदा वाणाला दोन डझन जालन्याहून मागवले होते. काठाला हळद लागलेली होती. "हे तुझं वाण," त्या म्हणाल्या. "काल राहिलं."

"आई," मुलगा म्हणाला, "हे मोजायचं नाही. घराचा चूक नाही, सर्जनचा आहे." काकूंनी त्याचं व्याकरण सुधारलं नाही. त्यांनी फक्त घराकडे बघून हात जोडले.

फोरमननं रिपोर्ट लिहिला आणि त्यात माझं खोटंही लिहिलं. ते बरोबरच होतं. सहा महिने माझ्याकडून यादी काढून घेतली, मी परत होजपाइप धरायला लागले. त्या कामात मी 'बंद' लिहिलेली आणखी चार तोंडं होती. त्या चारही घरांच्या बेला मी ओव्हरऑल घालून वाजवल्या आणि रंग सोडून बघितला. चारही खरोखरच बंद निघाली, पण तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

एक अट फोरमननं काकूंनाही घातली. नळी वापरात राहायला हवी, आठवड्यातून एकदा तरी भरपूर पाणी सोडायचं. काकूंना ते पटलं नाही, पण त्यांनी मानलं. दर सोमवारी सकाळी दहाला त्या टबभर पाणी सिंकमध्ये ओततात आणि मला फोन करतात. "गेलं गं." मी म्हणते, "बरं, काकू." बस, एवढंच बोलणं. आमच्या अख्ख्या क्रूला तो फोन पाठ झालाय.

एप्रिलमधल्या एका सोमवारी आम्ही अर्ध्या तासावरच्या स्लाऊ गावी होतो, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गळक्या पाइपवर. दहा वाजले, फोन आला नाही. सव्वादहा. मी लावला, वाजून वाजून बंद झाला. साडेदहाला पुन्हा तेच. फोरमननं माझ्याकडे बघितलं आणि छोट्या व्हॅनची किल्ली फेकली. "जा."

रीडिंग येईपर्यंत माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मी गाडी वेडीवाकडी लावली आणि पळत त्या तोरणाखाली गेले. कमरेपर्यंत कारखान्याचा काळा चिखल होता, वास तर माझा मलाच येत होता. मी बेलवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

दार उघडलं. काकूंच्या हातांना माती लागलेली होती. त्या बागेत होत्या, फोन वरच्या मजल्यावर चार्जिंगला.

"अगं, जळेल ती बेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, नारिंगी ओव्हरऑल, चिखल, हेल्मेटनं चप्प झालेले केस. माझा जीव भांड्यात पडला.

"हेच का ते कपडे?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"बूट काढ आणि आत ये. पोहे टाकते." त्या किचनकडे वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "त्या दिवशीही पोहेच केले होते मी."

मी पायरीवर बसून बूट काढायला लागले.